एकेचाळीस धवले

आगरी लग्नात भटजी येतो तो लग्न लावायला. त्याच्या आधीचं सगळं धवलारणीच्या, म्हणजे लग्नाची गाणी गाणाऱ्या बाईच्या, हातात असतं. मांडवाची मेढ रोवायची, उखळ पुजायचं, तांदूळ सडायचे, हळद लावायची. प्रत्येक गोष्टीचा धवला वेगळा, आणि तो गायल्याशिवाय ती गोष्ट झाली असं घरातल्या म्हाताऱ्या धरत नाहीत. सगुणाआत्या भोपरची धवलारीण. चाळीस वर्षं तिला न्यायला डोंबिवलीपासून पार टिटवाळ्यापर्यंतची माणसं यायची. भातशेती गेली, मिठागरं गेली, घरांच्या जागी सात मजली बिल्डिंगा आल्या, तरी लग्न ठरलं की पहिला फोन तिला जायचा.

मनाली तिच्या धाकट्या भावाची मुलगी. बत्तीस वर्षांची, कळव्याला खारीगावात आईवडिलांसोबत राहायची आणि ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला जायची. ठाण्याच्याच एका संस्थेने तिच्या कंपनीला काम दिलं होतं. जिल्ह्यातल्या जुन्या गाणाऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर ठेवायची, म्हणजे पुढे कोणालाही शोधून ऐकता येतील. ते काम मनालीने मागून घेतलं, आणि पहिलं नाव आत्याचं लिहिलं.

आत्या मात्र तयार होईना.

"ही गानी उगाच गावाची नस्तात, पोरी," ती म्हणाली. "नवरी पायजे, हलद पायजे. लगीन नाय आनि धवला गायचा, ह्या बरा नाय."

"मग तुझ्यामागे कोण गाणार, आत्या?"

आत्याकडे शिकायला गेल्या वीस वर्षांत कोणी आलेलं नव्हतं. सून दर्शना लग्नांना बरोबर जायची, पण मागे धरायला. आत्या ओळ म्हणायची, दर्शना तिची शेवटची ओढ पुन्हा म्हणायची. पुढची ओळ कोणती हे तिने कधी लक्षात ठेवलंच नाही, कारण पुढे आत्या होती.

"माजा आवाज तू डब्यान घालून ठेवनार," आत्या शेवटी म्हणाली. "सांबालशील ना?"

"सांभाळीन."

पाच रविवार लागले. भोपरच्या फ्लॅटमध्ये हॉलचा पंखा बंद करून, खिडक्या लावून, आत्या पाटावर बसायची. समोर सुपात तांदूळ, नारळ, हळदीचं बोट लावलेला विडा. लग्न नाही तर निदान देवाला कळू दे, म्हणायची. एकेक धवला पंधरा-पंधरा मिनिटांचा. मधेच थांबून पाणी मागायची, घसा साफ करायची आणि ओळ तुटली होती नेमकी तिथूनच पुन्हा धरायची. एकेचाळीस धवले झाले. बेचाळिसावा होता तो तिने गायला नाही. तो विधवेच्या मुलीच्या लग्नाचा होता, आणि घरात लग्नाची कृतिका असताना तो गाणं अपशकुनाचं होतं.

कृतिका म्हणजे आत्याचा मुलगा संदेश आणि दर्शना यांची मुलगी, आत्याची नात. तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आणि पौषात आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. बाय. पाणी हवं असलं तरी बाय, नको असलं तरी बाय, कृतिकाला जवळ बोलवायचं असलं तरी बाय. घरातली माणसं सुरावरून ओळखायला शिकली.

"हळद आजीच्याच आवाजात लागेल," कृतिकाने सांगून टाकलं. "डीजे संध्याकाळी लावा, मी नाही म्हणत नाही. पण हळद लागताना मनालीआत्याने रेकॉर्ड केलेलं लावायचं. आजी शेजारी बसेल."

आत्याने ते ऐकलं आणि डावा हात दोनदा गादीवर आपटला. ते हो होतं.

दर्शनाने त्यानंतर एकदा फोनवर मागितलंही होतं. "मनाली, ती गानी आमच्या मोबाईलमध्ये टाकशील काय? आई दिवसभर भिंतीकडे बघत असते. ऐकेल तरी."

"वहिनी, थोडी खरखर आहे त्यात. ती काढते, प्रत्येकाला नाव घालते, मग एकदमच सगळी देते," मनाली म्हणाली होती. ते खरंच होतं. तिला ती गाणी चांगली करून द्यायची होती. रेकॉर्डरमधलं कार्ड तोवर पुसून दुसऱ्या बायकांसाठी वापरलं गेलं होतं. गाणी होती ती ऑफिसातल्या एका मशीनवर, आणि रोज पहाटे त्या मशीनची नक्कल आपोआप दुसऱ्या डिस्कवर होत होती. दोन ठिकाणी म्हणजे पुरेसं, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मनालीच्या टीममध्ये फंक्शनल पद्धतीने कोड लिहायचे. टीमचा प्रमुख दिपेश नवीन माणसाला पहिल्या दिवशी ती पद्धत साध्या शब्दांत सांगायचा. फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एका छोट्या तुकड्याच्या, हातात जे दिलं तेवढ्यावरच त्याने काम करायचं, आजूबाजूला हात घालायचा नाही. टेस्टमध्ये तर तो याबाबत फारच कडक. टेस्ट म्हणजे प्रोग्रॅम बरोबर चालतो का, हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम. त्याला आधी जागा मांडून द्यावी लागते: एक तात्पुरता फोल्डर, त्यात दोन-चार नमुन्याच्या फायली. मग टेस्ट चालते. मग ती जागा आवरायची. टेस्ट मध्येच फसली, कोसळली, तरी आवराआवर झालीच पाहिजे, अशी सोय कोडमध्येच केलेली असते. ती कोणाला विचारत नाही, थांबत नाही.

"मांडणाऱ्याने जे मांडलं, तेच आवरणाऱ्याच्या हातात द्यायचं," दिपेश म्हणायचा. "त्याने स्वतः शोधत जायचं नाही."

सुरुवातीला मनालीने घाईत वेगळं केलं होतं. मांडणारा आणि आवरणारा, दोघंही फोल्डरचा पत्ता एका सेटिंगच्या फाइलमधून वाचायचे. एकच जागा होती, सारखी हातातून हातात कशाला द्यायची, असा तिचा विचार. पुढे टेस्ट वाढल्या, एकमेकींच्या पायात यायला लागल्या, तेव्हा दिपेशने मांडणी बदलली. प्रत्येक टेस्टला नव्या नावाचा वेगळा फोल्डर. आवरायचा भाग चार ठिकाणी होता, तो तेवढा बदल असं त्याने मनालीला सांगितलं. तिने तीन ठिकाणी बदलला. चौथं राहिलं. दिपेशने तिचा कोड वाचला आणि ठीक आहे म्हणून पुढे पाठवला.

तीन महिने काही झालं नाही. ते चौथं ठिकाण दर वेळी सेटिंगमधला तो जुना, रिकामा फोल्डर पुसत राहिलं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

चैत्रातल्या एका गुरुवारी संस्थेची माणसं काम बघायला आली. त्यांना खरी गाणी दाखवायची म्हणून मनालीने त्या मशीनवरच्या सेटिंगमध्ये खऱ्या संग्रहातल्या आत्याच्या फोल्डरचा पत्ता घातला. माणसांनी आत्याचा उखळाचा धवला ऐकला. एक बाई डोळे पुसत होत्या. मनालीला फार बरं वाटलं. सेटिंग परत बदलायचं ती विसरली.

शुक्रवारी दुपारी तिने शोधण्याच्या भागात लहानशी दुरुस्ती केली आणि त्याच मशीनवर सगळ्या टेस्ट चालवल्या. बासष्ट टेस्ट. बासष्टही पास, स्क्रीनवर हिरव्या ओळी. तिने मशीन तसंच चालू ठेवलं, डबा पिशवीत घातला आणि आईला फोन करून विचारलं, येताना कोलंबी आणू का.

सोमवारी सकाळी ती हेडफोन लावून बसली. कृतिकाच्या हळदीसाठी चार धवले निवडायचे होते. यादी उघडली तर रिकामी. तिला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आहोत. पुन्हा उघडली. मग फोल्डरच उघडून पाहिला. टिटवाळ्याच्या आणि कळव्याच्या बायकांची गाणी दुसऱ्या फोल्डरमध्ये होती, ती शाबूत होती. सगुणाआत्याचा फोल्डर नव्हता.

ती उठून दिपेशच्या टेबलाशी गेली. आत्याचा फोल्डर गेलाय, एवढंच ती म्हणाली.

"नक्कल आहे ना," तो म्हणाला. "बस जरा. आहे नक्कल."

पण नक्कल म्हणजे जसं इथे तसं तिथे. शनिवारी पहाटे मशीनने इथे फोल्डर नाही हे पाहिलं आणि तिथलाही काढून टाकला. दिपेशने ती डिस्क उघडली, बराच वेळ बघत राहिला. मग त्याने कोड उघडला आणि दहा मिनिटांत चौथं ठिकाण सापडलं. सेटिंगमध्ये पत्ता आत्याच्या फोल्डरचा होता, आणि शुक्रवारच्या टेस्टनंतर त्याने तोच आवरला होता. दोघांनीही ती ओळ वाचली.

"हे मी लिहिलंय," मनाली म्हणाली.

"आणि मी वाचून हो म्हटलंय."

"तू चार ठिकाणं सांगितली होतीस."

"मनाली, मी हो म्हटलंय," दिपेश पुन्हा म्हणाला. त्याने मशीन बंद केलं, दोन्ही डिस्क काढल्या आणि स्वतःच्या स्कूटरवरून पुसलेली माहिती परत काढून देणाऱ्या एका माणसाकडे नेऊन दिल्या. तीन दिवस त्याने दुसरं कामच केलं नाही. गुरुवारी त्या माणसाचा फोन आला. या नव्या प्रकारच्या डिस्क रिकामी झालेली जागा स्वतःहूनच साफ करून ठेवतात. काही उरलेलं नाही.

एक गोष्ट उरली होती, तीही दिपेशलाच सापडली. टेस्टला नमुन्याची फाइल लागते, तेव्हा मनालीने आत्याच्या एका रेकॉर्डिंगमधून अकरा सेकंदांचा तुकडा कापून कोडबरोबर ठेवला होता. गाण्याचा तुकडा कापायला तिचं मन झालं नव्हतं, म्हणून आत्या मधे थांबली होती तेवढा घेतला होता. दिपेशने हेडफोन तिच्या हातात दिला. आधी घसा साफ केल्याचा आवाज. मग आत्या: "थांब गो. पानी दे थोरा. हां... कं व्हतो आपुन?" कुठे होतो आपण, एवढं विचारून झाल्यावर भांडं खाली ठेवल्याचा आवाज, आणि संपलं.

मनाली जिन्यात जाऊन रडली. संस्थेला कंपनीने कळवलं. त्यांनी पत्रात खेद व्यक्त केला, आणि इतर बायकांचं काम चालू ठेवावं असं लिहिलं. तिला कोणी कामावरून काढलं नाही, ओरडलंही नाही. कोणी ओरडलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

घरी वडील म्हणाले, "मी सांगतो ताईला. तू नको जाऊस."

"नाही पप्पा. मी शब्द दिलेला."

शनिवारी सकाळी ती भोपरला गेली. दर्शनाने दार उघडलं. आत पत्रिकांचे गठ्ठे, साड्यांचे खोके, हॉलच्या कोपऱ्यात कृतिकाचा भरत आलेला रुखवत. दर्शना हसून म्हणाली, "आणलीस काय गानी? संदेशने स्पीकरवाल्याला सांगून ठेवलंय."

मनालीने उभ्याउभ्याच सांगितलं. कॉम्प्युटरचं काही समजावत बसली नाही. "वहिनी, गाणी गेली. माझ्या हातून पुसली गेली. परत येणार नाहीत."

दर्शना आधी समजल्यासारखी मान हलवत राहिली. मग म्हणाली, "सगली?"

"सगळी."

"मी तेव्हाच मागत होते तुझ्याकडे," दर्शना म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. "खरखर असती तर असती. आमाला काय करायचं होतं."

दर्शना ओट्याकडे वळली आणि गॅसवरचं दूध उतू जायच्या आत बंद केलं. थोड्या वेळाने, पाठ फिरवूनच, म्हणाली, "आत आहे आई. जागी आहे."

आत्या खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. मनालीला बघून तिचा डावा हात वर झाला. "बाय," ती म्हणाली, आणि दाराकडे, मनालीच्या पिशवीकडे बघत राहिली. तीही वाट बघत होती.

मनाली खाली जमिनीवर बसली, तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. सांगताना एकदाही थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं. आत्या ऐकत होती. तिचं बोलणं गेलं होतं, समज गेली नव्हती. एकेचाळीस, हा आकडा ऐकल्यावर तिच्या कपाळावर आठी पडली, मग ती मिटली. तिने हात हळूच सोडवून घेतला. रागाने नव्हे. तो हात तिने स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि तसाच ठेवून खिडकीबाहेर बघत राहिली.

"आत्या, एवढंच राहिलंय," मनालीने मोबाईल काढला. दाखवावं की नाही हे तिला रस्ताभर ठरवता आलं नव्हतं. तिने ते अकरा सेकंद लावले.

थांब गो. पानी दे थोरा. हां... कं व्हतो आपुन?

आत्याने चटकन मान वळवली. तिच्या तोंडाची चांगली बाजू हलली. मनालीला क्षणभर वाटलं, ती हसते आहे. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. दर्शना दारात येऊन उभी होती. ती आत आली, पदराने सासूचं तोंड पुसलं आणि मनालीला म्हणाली, "बंद कर ते." मग जरा वेळाने, "चहा घेऊन जा."

त्या दिवशी मनाली चहा घेऊन निघाली. पुढच्या शनिवारी पुन्हा गेली, वही घेऊन. कृतिका तिच्याशी बोलली नाही, आतल्या खोलीत फोनवर होती. दर्शनाने विचारलं, "आता काय?"

"वहिनी, तू तीस वर्षं मागे धरलंस. जे आठवेल ते सांग. मी लिहून घेते."

"मला शेवट येतात फक्त. सुरुवात आईची."

"शेवट सांग."

लग्नाला दोन आठवडे होते. दर्शना भाजी निवडताना, मापं घेताना, पापड वाळत घालताना गुणगुणायची आणि मधेच थांबायची. कधी एका धवल्याची शेपटी दुसऱ्याला जोडायची, मग स्वतःच म्हणायची, नाही, हे मेढीचं, हळदीचं नाही. दोघी मिळून ते आत्याला म्हणून दाखवायच्या. बरोबर असलं तर हात गादीवर दोनदा पडायचा. चूक असलं तर आत्या डोळे मिटून घ्यायची, आणि बरोबर काय होतं ते तिच्या तोंडावर दिसायचं, ओठांपाशी येऊन अडायचं. "बाय," ती म्हणायची. "बाय, बाय, बाय." शेवटी दमून भिंतीकडे वळायची. लग्नापर्यंत सात धवल्यांचे तुकडे जमले. पुरा एकही नव्हता.

हळदीच्या दिवशी बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. कृतिका पिवळ्या साडीत पाटावर बसली. आत्याला खुर्चीतून खाली आणून तिच्या शेजारी बसवलं. बायका जमल्या. कोणीतरी विचारलं, धवला लावणार होतात ना, आणि दुसरीने तिला कोपराने गप्प केलं.

दर्शना उभी राहिली. चाळीस-पन्नास बायकांपुढे ती कधी एकटी गायली नव्हती. तिने डोळे खाली घातले आणि हळदीचा धवला धरला. पहिल्या चार ओळी आल्या. पाचवी अर्धी आली. मग नाही. तिने पुन्हा मागून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडली. मांडवात स्वयंपाकाकडची भांडी तेवढी ऐकू येत होती.

तेव्हा आत्याने ती ओळ म्हटली. शब्द एकच होता. बाय, बाय, बाय. पण हेल तोच, लांबी तीच, आणि जिथे श्वास घ्यायचा तिथेच घेतलेला. आवाज फाटलेला होता. बायकांनी आशेने कान दिला, कोणाला तरी त्यातून शब्द ओळखता येतील म्हणून. कोणाला आले नाहीत. आत्याने शेवटाला आवाज वर नेला, तशी दर्शनाला सवयीने जागा कळली आणि तिने मागे धरलं. तीस वर्षं धरत होती तसंच. असं चार वेळा झालं. चार ओळी एकटी आत्या म्हणाली, आणि त्या कोणत्या हे मांडवात तिच्याशिवाय कोणाला कळलं नाही.

कृतिका हळद लागत असताना आजीचा हात धरून होती. मनाली मागे उभी होती. हळद झाल्यावर कृतिकाने तिला बोलावलं, स्वतःच्या गालावरची हळद बोटावर घेऊन तिच्या गालाला लावली आणि पुढच्या बाईकडे वळली. तिचे डोळे सुजलेले होते. पुढे संध्याकाळी डीजे लागला, माणसं नाचली, लग्न व्यवस्थित पार पडलं.

आत्या भाद्रपदात गेली. झोपेतच गेली.

संस्थेच्या संग्रहात आता तिचं नाव आहे. त्याखाली सात धवले लिहिलेले आहेत, आठवत नाहीत त्या ओळींच्या जागा मोकळ्या ठेवून. दिपेशने एकदा सुचवलं होतं की टिटवाळ्याच्या एका बाईच्या धवल्यात तसल्याच ओळी सापडतात, त्या घेऊन जागा भराव्यात. मनालीने घेतल्या नाहीत. त्या ओळी चांगल्या होत्या, पण त्या बाईच्या होत्या.

दर्शनाचा अजून कधीतरी फोन येतो. बहुतेक दुपारचा, काम आवरल्यावर.

"मनाली, एक ओळ आठवली. लिहून घे."

मनाली हातातलं काम बाजूला ठेवते, वही काढते आणि लिहून घेते.

"कुठल्या धवल्यातली, वहिनी?"

"तेच तर नाही आठवत," दर्शना म्हणते. ते विचारायचं कोणाला, हे दोघींनाही माहीत नसतं. वहीच्या शेवटी अशा सुट्या ओळींची तीन पानं झाली आहेत.